कायद्याच्या उताऱ्यावर माणसाचं नाव



खेड्यात राहणाऱ्या माणसाला सातबाराचा उतारा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. बापानं, आजानं जमीन कसली, विहीर खणली, बांधावर आंबे लावले. पण उताऱ्यावर नाव लागलेलं नसेल तर चावडीत त्या सगळ्या कष्टांची किंमत शून्य. जमीन डोळ्यांसमोर आहे, माणूस डोळ्यांसमोर आहे, कागदावर मात्र तो नाही. आज मला सांगायची आहे ती अशीच एक नाव लागण्याची गोष्ट. फरक एवढाच की, हा उतारा जमिनीचा नसून कायद्याचा आहे, आणि गाव आपल्यापासून फार लांब, कॅनडा देशात आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडा कुठं आणि आपण कुठं! तिथला कायदा ऐकून आम्हाला काय करायचं? पण थोडं थांबा. त्या देशाच्या कायद्याची जडणघडण आपल्यासारखीच इंग्रजी अंमलाखाली झाली. आणि त्या कायद्यानं एके काळी दारातून परत पाठवलेल्या माणसांत आपले देशबांधवही होते. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

१९१४ सालची हकीकत आहे. ४ एप्रिलला हाँगकाँगहून ‘कोमागाता मारू’ नावाची एक जपानी आगबोट निघाली. गुरदित सिंग नावाच्या पंजाबी गृहस्थांनी ती भाड्यानं घेतली होती. शांघायला आणि जपानच्या बंदरांत आणखी माणसं चढली आणि २३ मे रोजी बोट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हॅन्कूव्हर बंदरासमोर येऊन उभी राहिली. बोटीवर ३७६ उतारू होते. बहुतेक शीख, थोडे मुसलमान, थोडे हिंदू. कष्टाची कामं करून चार पैसे मिळवावेत, या आशेनं घरदार सोडून निघालेली माणसं.

कॅनडा सरकारनं १९०८ साली एक नियम केला होता. परदेशी माणसानं आपल्या मायदेशाहून थेट, एकाच सलग प्रवासानं आलं पाहिजे. नाही तर त्याला उतरू द्यायचं नाही. वाचायला नियम साधा वाटतो. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोटच नव्हती! शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात दोनशे डॉलर हवेत, अशी आणखी एक अट. हिंदी माणसाला बंदी आहे, असं त्या नियमात कुठंही लिहिलेलं नव्हतं. विहिरीवर पाटी लावायची नाही, फक्त पोहरा काढून ठेवायचा, असा तो प्रकार.

बोट दोन महिने बंदरात उभी होती. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी वर्गणी काढून वकील दिला. वकिलाचं म्हणणं सरळ होतं: हे उतारू ब्रिटिश बादशहाचे प्रजाजन, कॅनडाही बादशहाच्याच राज्यातला, मग एकाच धन्याच्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला बंदी कशी? न्यायालयानं उत्तर दिलं की, कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार कॅनडाच्या कायदेमंडळाचा आहे आणि त्यात आम्हाला हात घालता येत नाही. आधी कॅनडात राहून गेलेले वीसएक जण आणि बोटीवरचे डॉक्टर व त्यांचं कुटुंब, एवढ्यांनाच उतरू दिलं. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट बंदराबाहेर काढण्यात आली. सप्टेंबरच्या अखेरीस ती कलकत्त्याजवळ बजबजला पोचली, तेव्हा तिथं पोलीस आणि लष्कर उभं होतं. गोळीबार झाला आणि सुमारे वीस उतारू मरण पावले.

या गोष्टीत लक्षात ठेवायचं ते हे की, सगळं काही ‘कायदेशीर’ होतं. नियम होता, वकील होता, न्यायाधीश होते, निकाल होता. उताऱ्यावर तेवढं त्या माणसांचं नाव नव्हतं.

मग तो उतारा होता तरी कसा? कॅनडाच्या राज्यघटनेचा पाया १८६७ सालचा. ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा करून चार प्रांतांचं मिळून एक संघराज्य उभं केलं. आज तिथं दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. त्या कायद्यानं कामांची वाटणी करून दिली, जशी दोन भाऊ वेगळे निघताना पंच करून देतात. संरक्षण, टपाल, व्यापार, फौजदारी कायदा ही कामं मध्यवर्ती सरकारची. शाळा, दवाखाने, नगरपालिका, मालमत्तेचे व्यवहार ही प्रांतांची. आणि वाटणीत ज्याचं नाव निघालं नाही, ते उरलेलं सगळं साधारणपणे मध्यवर्ती सरकारकडं. आपल्याही घटनेत उरलेले अधिकार केंद्राकडंच आहेत.

देशाचा प्रमुख ब्रिटनचा राजा. पण त्याच्या नावानं गव्हर्नर जनरल सही करतात आणि खरा कारभार पंतप्रधान व त्यांचं मंत्रिमंडळ पाहतं. पार्लमेंटची दोन सभागृहं. ‘हाऊस ऑफ कॉमन्स’ लोकांनी निवडून दिलेलं, आणि ‘सिनेट’ नेमणुकीनं भरलेलं. क्वेबेक प्रांतात फ्रेंच वळणाचा दिवाणी कायदा चालतो, बाकीकडं इंग्रजी वळणाचा. कोण कशावर राज्य करणार, हे सगळं त्या १८६७ च्या कायद्यात नीट लिहिलेलं होतं. ज्याच्यावर राज्य करायचं, त्या माणसाच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण मात्र त्यात नव्हतं.

ही उणीव पहिल्यांदा ठळकपणे पुढं आणली ती पाच बायकांनी. एमिली मर्फी नावाच्या बाई १९१६ साली एडमंटन शहरात मॅजिस्ट्रेट झाल्या. त्यांच्या न्यायासनासमोर एक वकील उभा राहिला आणि म्हणाला, बाई, कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही ‘व्यक्ती’च नाही, तेव्हा तुमचा निवाडा मला लागू नाही! पुढं सिनेटवर बाईची नेमणूक करण्याची मागणी झाली, तेव्हाही तीच आडकाठी आली. घटनेत लिहिलं होतं की, सिनेटवर पात्र ‘व्यक्तीं’ची नेमणूक करावी. आणि व्यक्ती म्हणजे पुरुष, असा सरकारी अर्थ.

१९२७ साली मर्फीबाईंनी आणखी चौघींना बरोबर घेतलं. नेली मॅक्लंग लेखिका होत्या. आयरीन पार्लबी शेतकरी स्त्रियांच्या संघटनेतून पुढं आलेल्या. लुईझ मॅकिनी आणि हेन्रिएटा एडवर्ड्स दोघी समाजकार्यात मुरलेल्या. पाचजणींनी अर्ज केला. १९२८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही, तुम्ही त्या अर्थानं व्यक्ती नाही. मग त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या. आपल्याकडचे मोठे दावेही त्या काळी तिथंच जात. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांनी निकाल दिला की, स्त्री ही व्यक्ती आहे. घटना म्हणजे जिवंत झाड आहे, ते आपल्या मर्यादेत वाढत राहणार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या मराठीत तर ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी. तरीही तिकडं एवढा खटाटोप करावा लागला!

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. याच मर्फीबाईंनी चिनी लोकांविषयी फार अनुदार लिखाण केलेलं आहे. ज्याचं नाव उताऱ्यावर लागतं, तो मागच्यासाठी दार उघडं ठेवतोच असं नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हिंदी लोकांचा मताधिकार १९०७ साली काढून घेतला होता. तो परत मिळाला १९४७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे बावीस हजार लोकांना, त्यांतले बहुतेक कॅनडातच जन्मलेले असूनही, घरांतून उठवून छावण्यांत आणि दूरच्या मुलखात पाठवलं, आणि त्यांची घरंदारं, होड्या विकून टाकल्या. सरकारनं त्याबद्दल माफी मागितली आणि भरपाई दिली ती १९८८ साली.

त्या महायुद्धानं सगळ्या जगालाच एक धडा दिला. जर्मनीतही कायदा होता, शिक्के होते, सह्या होत्या. पण राज्यच आपल्या माणसांच्या जिवावर उठलं, कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडं मागायची? म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं ठरवलं की, प्रत्येक माणसाचे काही हक्क असे असावेत, जे कुठल्याही सरकारनं दिलेले नसतील आणि म्हणून कुठल्याही सरकारला काढून घेता येणार नाहीत. त्या हक्कांचा पहिला कच्चा खर्डा १९४७ साली केला तो एका कॅनेडियन माणसानं. त्यांचं नाव जॉन हम्फ्री. लहानपणी आईबाप गेले, भाजल्यामुळं एक हात गेला. पुढं ते कायद्याचे प्राध्यापक झाले आणि राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क विभागाचे पहिले संचालक.

त्या मसुद्यावर ज्या समितीत चर्चा झाली, तिच्यात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या, महर्षी कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. पहिल्या कलमात इंग्रजी शब्द असा होता की, ज्याचा अर्थ ‘सर्व पुरुष’ असाही करता येईल. हंसाबेननी हरकत घेतली. ‘सर्व माणसं’ असं स्पष्ट लिहा, म्हणाल्या. आणि तसं झालं. कॅनडातल्या त्या पाचजणींना एका शब्दासाठी दोन वर्षं भांडावं लागलं होतं. तसं भांडण पुन्हा कुणाला करायला लागू नये, याची तजवीज या बाईंनी आधीच करून ठेवली.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये हा जाहीरनामा मंजूर झाला. बाजूनं ४८ मतं, विरुद्ध एकही नाही, तटस्थ आठ. गंमत पाहा, ज्या देशाच्या माणसानं पहिला खर्डा लिहिला, त्याच कॅनडाचं सरकार तीन दिवस आधी समितीतल्या मतदानात तटस्थ राहिलं होतं. शेवटच्या दिवशी मात्र त्यानं बाजूनं मत दिलं.

इथं एक भेद समजून घेतला पाहिजे. जाहीरनामा म्हणजे गावानं केलेला ठराव. त्याला वजन असतं, पण तेवढ्यावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे करारनामा. त्यावर सही करणारा बांधला जातो. असे दोन मोठे करार १९६६ साली तयार झाले आणि १९७६ साली अंमलात आले. कॅनडानं ते त्याच वर्षी स्वीकारले, आणि आमच्या नागरिकाला आमच्याविरुद्ध थेट राष्ट्रसंघाच्या समितीकडं तक्रार करता येईल, अशी वेगळी पुरवणीही स्वीकारली. भारतानं १९७९ साली ते करार स्वीकारले. ती पुरवणी मात्र स्वीकारलेली नाही.

आता पुन्हा घरात डोकावू. जाहीरनामा झाला म्हणून प्रांतातला अधिकारी लगेच बदलतो थोडाच! माँट्रियल शहरात रोंकारेली नावाचे एक हॉटेलवाले होते. त्यांच्या धर्मपंथाचे लोक पत्रकं वाटतात म्हणून पोलीस त्यांना पकडत, आणि रोंकारेली शेकडो जणांना जामीन राहत. प्रांताचे मुख्यमंत्री द्युप्लेसी यांना याचा राग आला. १९४६ साली त्यांच्या हुकमानं रोंकारेलींचा दारूविक्रीचा परवाना रद्द झाला आणि पुन्हा कधीच मिळणार नाही असं बजावण्यात आलं. धंदा बसला. पण गडी डगमगला नाही. तो तेरा वर्षं भांडला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, परवाना देण्या-न देण्याचा अधिकार कायद्यानं त्या कामासाठी दिलेला असतो. मुख्यमंत्र्याचा वैयक्तिक राग काढण्यासाठी नव्हे. द्युप्लेसी यांनी स्वतः तेहतीस हजार डॉलरांहून जास्त भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. कायद्याचं राज्य म्हणतात ते हे. हुकूम देणाऱ्यालाही विचारता येतं की, बाबा रे, हा अधिकार तुला कुठल्या कलमानं मिळाला?

पुढच्याच वर्षी, १९६० साली, पंतप्रधान डीफनबेकर यांनी हक्कांचा एक कायदा करून घेतला. हेतू चांगला, पण कायदा साधा. तो प्रांतांना लागू नव्हता आणि न्यायाधीशही तो जपूनच वापरत. तो किती दुबळा होता, हे कळलं ते आदिवासी स्त्रियांच्या प्रश्नावर.

कॅनडाच्या मूळ रहिवाशांसाठी एक जुना कायदा होता. त्यात असं कलम की, आदिवासी पुरुषानं बाहेरच्या बाईशी लग्न केलं तर त्याचा दर्जा कायम राहतो, उलट त्या बाईलाही तो मिळतो. पण आदिवासी बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचं नाव यादीतून कापायचं. नाव गेलं की राखीव वस्तीतलं घर गेलं, हक्क गेले. १९७३ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, आणि ते कलम टिकलं.

न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या टोबीक वस्तीची सँड्रा लव्हलेस ही अशीच एक माहेरवाशीण. १९७० साली तिचं लग्न झालं, पुढं मोडलं, आणि ती माहेरी परतली तर तिथं तिला जागा नाही. आपल्याकडंही म्हणतात, दिल्या घरी सुखी राहा. पण दिलं घर मोडलं, तर लेकीनं जायचं कुठं? देशातले दरवाजे बंद झाल्यावर १९७७ साली तिनं राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीकडं तक्रार धाडली. १९७९ च्या जुलैत टोबीकच्या बायका आणि मुलं सुमारे शंभर मैल पायी चालत राजधानी ओटावाला गेली. १९८१ साली समितीनं मत दिलं की, या बाईला तिच्या माणसांत, तिच्या भाषेत, तिच्या रीतिरिवाजात राहण्यापासून अडवणं हा कराराचा भंग आहे.

या निकालामागं ना बेलीफ, ना जप्ती. आंतरराष्ट्रीय कायद्याचं हेच दुखणं आहे, असं लोक म्हणतात आणि ते खरंही आहे. पण चारचौघांत झालेली नाचक्की हीही एक शिक्षाच असते. १९८५ साली कॅनडानं ते कलम बदललं. राहिलेले दोष काढण्यासाठी २०१० आणि २०१७ साली पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. आणि सँड्रा लव्हलेस? २००५ साली त्या सिनेटर झाल्या. जिथं बाईला बसता येईल की नाही यावर एके काळी खटला चालला होता, त्याच सभागृहात.

दरम्यान १७ एप्रिल १९८२ रोजी मोठी गोष्ट घडली होती. पंतप्रधान पिएर त्रुदो यांच्या कारकिर्दीत कॅनडानं आपली घटना लंडनहून घरी आणली. तोवर तिच्यातले मोठे बदल करायला ब्रिटिश पार्लमेंटकडं जावं लागे. त्याच वेळी घटनेत हक्कांची सनद आली. भाषण, धर्म, मतदान, समता, अटक झाल्यास वकील, असे हक्क आता साध्या कायद्यापेक्षा वरचे झाले आणि प्रांतांनाही बांधणारे झाले. सनदीविरुद्ध जाणारा कायदा न्यायालय रद्द करू शकतं. आदिवासींचे हक्कही त्याच घटनेत वेगळ्या कलमानं मान्य झाले.

या सनदीचा कस लागला तो १९८५ साली. काही माणसं कॅनडात येऊन पोचली होती आणि मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आसरा मागत होती. त्यांतले बहुतेक भारतातून गेलेले शीख होते. त्यांचे अर्ज नुसत्या कागदांवरून नाकारले गेले होते. समोर बसवून कुणी त्यांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. सनदीत लिहिलं आहे की, जीवित, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांचा हक्क ‘प्रत्येकाला’ आहे. प्रत्येक म्हणजे कोण? प्रत्येक नागरिक? न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिलं की, कॅनडाच्या भूमीवर जो कुणी हजर आहे तो प्रत्येक माणूस. सर्वांची सुनावणी घ्यायची तर खर्च येतो, वेळ जातो, ही सरकारची सबब त्यांनी मानली नाही. सहापैकी तीन न्यायाधीशांनी सनदीच्या आधारे आणि तिघांनी १९६० च्या त्या दुबळ्या कायद्याच्या आधारे, पण सहाही जणांनी अर्जदारांच्या बाजूनं कौल दिला.

या निकालाची तारीख होती ४ एप्रिल. एकाहत्तर वर्षांपूर्वी त्याच तारखेला ‘कोमागाता मारू’ हाँगकाँगहून निघाली होती. हा योगायोगच. पण तेव्हाच्या माणसांना जमिनीवर पाय टेकू दिला नव्हता, आणि आता जमिनीवर पाय टेकला एवढ्यावरच माणसाचं म्हणणं ऐकून घेणं भाग पडलं. १९१४ च्या त्या वागणुकीबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.

म्हणजे तिकडं आता सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. सनदीतच एक पळवाट ठेवलेली आहे. काही हक्कांच्या बाबतीत पार्लमेंट किंवा प्रांताचं कायदेमंडळ असं जाहीर करू शकतं की, सनदीत काहीही असलं तरी आमचा कायदा चालेल. ही सूट एका वेळी पाच वर्षांची. २०१९ साली क्वेबेक प्रांतानं ती वापरून कायदा केला की, सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी आणि काही अधिकाऱ्यांनी कामावर असताना पगडी, हिजाब, क्रूस अशी धर्मचिन्हं वापरू नयेत. यावर तिथं मोठा वाद झाला. उताऱ्यावर नाव लागलं म्हणून फेरफार होणारच नाही, असं नसतं. अधूनमधून जाऊन पाहावं लागतं.

आपल्याकडं म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. जमिनीच्या भाऊबंदकीपुरती ती खरी असेल. पण या गोष्टीत पायरी चढणारी माणसंच शहाणी ठरली. कुणी हरलं, कुणी तेरा वर्षं थांबलं, कुणी शंभर मैल चाललं. त्यांच्या पायपिटीनं ‘व्यक्ती’, ‘माणूस’, ‘प्रत्येक’ या तीन शब्दांचा अर्थ रुंदावत गेला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. आपल्या राज्यघटनेचं चौदावं, एकोणिसावं आणि एकविसावं कलम मुलांसमोर ठेवा. चौदाव्यात आणि एकविसाव्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, एकोणिसाव्यात ‘नागरिक’ असा आहे. हा फरक का केला असेल, एवढंच मुलांना विचारा. मग त्यांना ती बंदरात उभी असलेली बोट सांगा. उत्तर मुलंच देतील.